मातीतले सेलेनियम : मोकळे किती, बांधलेले किती?



२०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव परिसरातल्या गावांत एक विचित्र प्रकार घडला. आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडायचे. बायामाणसे, पोरेबाळे कोणीच सुटले नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यातल्या काहींची नखेही ठिसूळ होऊन गळू लागल्याचे वृत्त आले. या प्रकाराचा अभ्यास करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की, बाधित लोकांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले होते आणि त्यांच्या मते ते रेशनच्या, बाहेरून आलेल्या गव्हातून आले असावे. गहू धुऊन पाहिला, तरी त्यातले सेलेनियम फारसे कमी झाले नाही असेही त्यांनी सांगितले.

तेव्हापासून सेलेनियम हा शब्द पारावर येऊन बसला. "आमच्या मातीत सेलेनियम आहे का हो?" असे शेतकरी विचारू लागले. प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. सेलेनियम थोडेफार सगळ्याच मातीत असते. ते कोणत्या रूपात आहे, पिकाच्या मुळाला ते मिळू शकते की नाही, हे कळले तर त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते. ही रूपे कोणती, प्रयोगशाळेत ती वेगवेगळी कशी मोजतात आणि त्यासाठी आपण नमुना कसा द्यायचा, हे या पत्रकात सांगितले आहे.

सेलेनियम म्हणजे काय?

सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य. स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी ते १८१७ साली शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याला सेलेनियम असे नाव दिले. गंधकाचा हा चुलतभाऊ असल्याने पीक बऱ्याचदा फसते आणि गंधक समजून सेलेनियमच आत घेते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे उपायाच्या वेळी ती कामी येणार आहे.

माणसाला आणि जनावराला सेलेनियम लागतेच, पण अगदी चिमूटभर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला ४० मायक्रोग्रॅम पुरे. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे गरज आणि धोका यांत अवघे दहा पटींचे अंतर. जनावरांचे तर अंतर त्याहून थोडेच जास्त आहे. वाळल्या चाऱ्याच्या एका किलोत ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम असले की गाई-म्हशींची गरज भागते. तेच ५ मिलिग्रॅमच्या वर गेले आणि असा चारा बरेच दिवस पोटात जात राहिला, तर अंगावरचे केस झडतात, शेपटीचा गोंडा गळतो, खूर वाढून त्यांना भेगा पडतात, जनावर लंगडते, शिंगेही सुटतात.

कमी पडले तरी त्रास आहेच. वासरांचे स्नायू दुबळे पडून पांढरट होतात, त्यांना उभे राहवत नाही. व्यालेल्या गाईची वार अडकण्यामागेही हे एक कारण असू शकते. चीनच्या ईशान्येला केशान नावाच्या परगण्यात १९३५ साली हृदयाचा एक दुखणा आढळला, त्याला केशान रोग असेच नाव पडले. जिथे मातीत आणि धान्यात सेलेनियम अगदी कमी, तिथेच तो जास्त, असे पुढे दिसून आले.

किती आहे एवढे कळून का भागत नाही?

एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात ढोबळमानाने ९ लाख किलो माती असते. माती परीक्षणात किलोला अर्धा मिलिग्रॅम सेलेनियम निघाले, तर त्या अख्ख्या एकरात सेलेनियम भरले अर्धा किलोहून थोडे कमीच. एवढ्याशा वस्तूने पंजाबात जनावरे लंगडी झाली, आणि दुसरीकडे तेवढेच सेलेनियम असून पिकाला त्याचा पत्ताही लागला नाही. हे कसे?

आपल्या गावचेच उदाहरण घ्या. गावात शंभर जनावरे आहेत. त्यांतली किती तुमच्या ज्वारीत शिरतील? जी मोकाट आहेत ती आज शिरतील. जी दाव्याला बांधली आहेत ती दावे सुटले तर शिरतील. जी कोंडवाड्यात आहेत ती दार उघडेपर्यंत शिरणार नाहीत. पिकाची नासाडी शंभराच्या आकड्यावर ठरत नाही, मोकाट किती यावर ठरते. मातीतल्या सेलेनियमचे अगदी असेच आहे.

स्फुरदाच्या बाबतीत हा अनुभव तुम्हाला आहेच. जमिनीत एकूण स्फुरद भरपूर असते, तरी परीक्षणाच्या कागदावर "उपलब्ध स्फुरद" कमी येते आणि आपण सुपर फॉस्फेट टाकतो. तिथे जे एकूण आणि उपलब्ध, तेच इथे.

सेलेनियमची पाच रूपे

१) सेलेनेट. हे मोकाट जनावर. पाण्यात सहज विरघळते, मातीच्या कणाला फारसे चिकटत नाही, पाण्याबरोबर मुळाशी येते आणि जास्त पाणी दिले तर खाली विहिरीच्या झऱ्यातही जाते. हवा खेळती आणि सामू ७.५ च्या वर असलेल्या चुनखडीच्या जमिनीत सेलेनियम या रूपात टिकते. मुळे ज्या वाटेने गंधक घेतात त्याच वाटेने सेलेनेट आत शिरते.

२) सेलेनाइट. हे दाव्याला बांधलेले. लोहाच्या तांबड्या गंजासारख्या द्रव्याला आणि चिकणमातीला ते घट्ट धरून राहते. आम्ल, तांबड्या जमिनीत याचे प्रमाण जास्त असते. पिकाला कमी मिळते. पण फॉस्फेट आले की ते सेलेनाइटची जागा घेते आणि याचे दावे सैल होते.

३) सेंद्रिय सेलेनियम. पिकाने घेतलेले सेलेनियम पाला, मुळे, शेण यांतून परत मातीत येते ते हे. रानात चरायला गेलेल्या गुरांसारखे समजा, आज दिसत नाहीत, पण सांजेला परततात. सेंद्रिय पदार्थ कुजला की हे हळूहळू सुटते.

४) मूलरूप सेलेनियम. पाणी साचलेल्या, हवा कोंडलेल्या चिखलात जिवाणू सेलेनेट आणि सेलेनाइट यांचे रूपांतर यात करतात. हे पाण्यात विरघळत नाही. हे कोंडवाड्यातले जनावर.

५) सेलेनाइड. धातूंशी जखडलेले, खडकातल्या खनिजात असलेले. कोंडवाड्यालाही आतून कुलूप लावलेले म्हणा.

ही रूपे कायमची नाहीत, बरं का. भातखाचरात पाणी उभे असताना सेलेनेट घटते आणि मूलरूप वाढते. कापणीनंतर पाणी ओसरले, जमिनीला भेगा पडल्या, हवा आत गेली की उलटा प्रवास सुरू होतो. म्हणून नमुना कधी घेतला यालाही किंमत आहे.

रूप बदलले की काय होते?

चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात अनेकांचे केस आणि नखे गळली. ज्या पाच गावांना सर्वांत जास्त झळ बसली, तिथे जवळजवळ निम्मी माणसे आजारी होती. तपासाअंती कळले की तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम फार आणि झिजेबरोबर ते मातीत उतरलेले. पण ते तर पूर्वीपासूनच होते! ते पिकात शिरायला वाट मिळाली ती शेतात चुना टाकण्याच्या जुन्या रिवाजामुळे. चुन्याने जमिनीचा सामू वाढला आणि बांधलेले सेलेनियम मोकळे झाले. त्यात दुष्काळाने भात गेले आणि लोकांना त्याच जमिनीतला मका आणि भाजीपाला जास्त खावा लागला. माती तीच, एकूण सेलेनियम तेच. फरक पडला तो रूपात आणि ताटात.

आपल्या देशात पंजाबातील नवांशहर, म्हणजे आताचा शहीद भगतसिंग नगर जिल्हा, आणि होशियारपूर या भागांत असा पट्टा आहे. शिवालिकच्या टेकड्यांतून पावसाळ्यात येणाऱ्या ओढ्यांनी तिथे सेलेनियमयुक्त गाळ आणून टाकला. १९८० च्या दशकापासून लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने त्याचा अभ्यास केला. तिथली जमीन विम्लधर्मी आणि बागायती, म्हणजे सेलेनेटला अगदी सोयीची. म्हणून एकूण आकडा फार मोठा नसतानाही चाऱ्यात आणि गव्हात सेलेनियम चढले.

फिनलंडचे उदाहरण याच्या उलट. तिथल्या आम्ल जमिनीत सेलेनियम कमी आणि आहे तेही बांधलेले. त्या सरकारने १९८४ साली रासायनिक खतात सेलेनियम मिसळण्याचा निर्णय घेतला. तृणधान्याच्या खतात सुरुवातीला किलोमागे १६ मिलिग्रॅम, म्हणजे टनाला अवघे १६ ग्रॅम. मिसळले ते सेलेनेट. सेलेनाइट मिसळले असते तर त्या मातीने ते धरून ठेवले असते आणि पिकाला फारसे पोचले नसते. रूपे ओळखता आली म्हणून हे जमले.

प्रयोगशाळेत मोजतात कसे?

यात दोन कामे आहेत. पहिले, सेलेनियम मातीत किती घट्ट बांधलेले आहे हे पाहणे. दुसरे, सुटून आलेले सेलेनियम कोणत्या रूपातले आहे हे ओळखणे.

पहिले काम : एकामागून एक धुणे.

मळकट धोतर धुताना आपण काय करतो? आधी साध्या पाण्यात खळबळतो, धूळ निघते. मग साबण लावतो. तरी राहिलेला डाग सोड्यात उकळून काढतो. मातीलाही असेच धुतात. मातीचा तोच नमुना दर पायरीला जास्त जोरकस द्रवात हलवायचा, निथळ पाणी वेगळे काढायचे आणि त्यातले सेलेनियम मोजायचे.

पहिली पायरी : नुसते पाणी किंवा पोटॅशियम क्लोराइडचे पातळ द्रावण. यात मोकाट सेलेनियम येते. ते बहुतेक सेलेनेट असते.

दुसरी पायरी : पोटॅशियम फॉस्फेटचे द्रावण. फॉस्फेट कणावरच्या सेलेनाइटला ढकलून स्वतः तिथे बसते. सैल दाव्याचे सेलेनियम यात येते. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीची बेरीज म्हणजे पिकाला मिळण्याजोगे सेलेनियम, असे ढोबळमानाने धरतात.

तिसरी पायरी : हायड्रोक्लोरिक आम्ल. लोह आणि मँगनीज यांच्या पापुद्र्यांत अडकलेले सेलेनियम यात सुटते.

चौथी पायरी : पोटॅशियम परसल्फेटसारखे जोरकस द्रव्य घालून उष्णता देणे. त्याने सेंद्रिय पदार्थ जळून जातो आणि त्यातले सेलेनियम बाहेर पडते. काही ठिकाणी याऐवजी कॉस्टिक सोडा वापरतात. मूलरूप सेलेनियम निराळे मोजायचे असेल तर सोडियम सल्फाइटच्या द्रावणाची स्वतंत्र पायरी घालतात, कारण त्यात ते विरघळते.

पाचवी पायरी : तीव्र आम्लांत माती पार विरघळवणे. उरलेसुरले, खनिजात जखडलेले सेलेनियम यात येते.

शेवटी ताळा करून पाहायचा. पाचही पायऱ्यांची बेरीज आणि त्याच मातीचे वेगळ्याने काढलेले एकूण सेलेनियम जवळपास जुळले पाहिजे. किराणा दुकानदार जसा संध्याकाळी गल्ला आणि वही जुळवतो तसेच. जुळले नाही, तर कुठेतरी सेलेनियम सांडले, उडून गेले किंवा दोनदा मोजले गेले असे समजावे.

दुसरे काम : सेलेनेट आणि सेलेनाइट वेगळे ओळखणे.

इथे रसायनशास्त्राची एक नामी युक्ती आहे. धुऊन आलेल्या द्रावणात आम्ल आणि सोडियम बोरोहायड्राइड घातले की सेलेनाइटचा वायू होतो. हा वायू यंत्रातल्या तापलेल्या नळीत नेला की तिथे प्रकाश किती शोषला जातो यावरून सेलेनियम कळते. सेलेनेटचा मात्र असा वायू होत नाही. ते गप्प बसून राहते. म्हणून पहिल्या मोजणीत फक्त सेलेनाइट दिसते.

मग त्याच द्रावणाचा दुसरा भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात तापवतात. त्याने सेलेनेटचे सेलेनाइट होते. आता पुन्हा मोजले की दोन्हींची बेरीज दिसते. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की सेलेनेट मिळाले. समजा, पहिल्यांदा २० आले आणि तापवल्यानंतर ८० आले, तर सेलेनाइट २० आणि सेलेनेट ६०. किती सोपे! मात्र तापवणे कमी पडले तर सगळे सेलेनेट बदलत नाही आणि ते खोटेच कमी दिसते. म्हणून प्रयोगशाळेत माहीत असलेली सेलेनेटची मात्रा मुद्दाम घालून ती पुरी परत येते का, हे तपासून घेतात.

मोठ्या संस्थांत याहून नाजूक यंत्रे आहेत. त्यांत द्रावण एका बारीक नळीतून सोडतात. नळीतल्या भरणावर प्रत्येक रूप कमीजास्त रेंगाळते आणि एकामागून एक बाहेर पडते, जसे बैलगाडी, सायकल आणि मोटार एकाच वेळी निघून निरनिराळ्या वेळी बाजारात पोचतात. पलीकडचे यंत्र बाहेर पडणारे सेलेनियम अणूच्या वजनावरून ओळखून मोजते. या पद्धतीने सेंद्रिय रूपेही वेगवेगळी कळतात. खर्च अर्थातच जास्त.

आपल्या जमिनींना हे कसे लागू पडते?

विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र इथल्या काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त आहेत, सामू ८ च्या आसपास. अशा जमिनीत जेवढे सेलेनियम असेल, त्यातले बरेचसे सेलेनेट रूपात राहण्याकडे कल असतो. म्हणजे एकूण आकडा लहान असला तरी त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कोकणातल्या जांभ्या जमिनीत लोह भरपूर आणि सामू कमी, त्यामुळे सेलेनियम बांधलेले राहते. तिथे एकूण आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून जायचे कारण नाही. मात्र जांभ्या जमिनीला भरमसाट चुना देण्याआधी एन्शीची गोष्ट आठवावी आणि माती परीक्षणाप्रमाणेच चुना द्यावा.

नमुना कसा घ्यावा?

नेहमीच्या माती परीक्षणासाठी आपण माती सावलीत वाळवून, चाळून पिशवीत भरतो. एकूण सेलेनियमसाठी तसे चालेल. पण रूपे मोजायची असतील तर वाळवताना हवा लागून रूप बदलते, आणि उन्हात किंवा भट्टीत तापवले तर थोडे सेलेनियम उडूनही जाते. म्हणून पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१) शेतात नागमोडी फिरून १५ ते २० ठिकाणी, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून, वरपासून २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्या. बांधाकडेची, झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि नुकतेच खत टाकलेली जागा टाळा.

२) स्वच्छ प्लॅस्टिकच्या घमेल्यात माती एकत्र करा. चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा.

३) माती न वाळवता जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बांधा. भातखाचराचा चिखल असेल तर रुंद तोंडाची बाटली गळ्यापर्यंत भरून बूच लावा.

४) पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून लवकरात लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवशी पोचवा.

५) त्याच शेतातला अर्धा किलो चारा घ्या. धूळ धुऊन सावलीत वाळवा आणि कागदी पिशवीत द्या.

६) पंप दहा मिनिटे चालवून मग विहिरीचे एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सेलेनियम नसावे, असे भारतीय मानक आहे.

७) चिठ्ठीवर गट नंबर, पीक, शेवटचे पाणी कधी दिले, जिप्सम, सुपर फॉस्फेट किंवा चुना कधी टाकला ते लिहा. या नोंदीशिवाय आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात. त्यांत सेलेनियम नाही. तेव्हा पत्रिकेत आले नाही म्हणजे जमिनीत नाही, असे समजू नका. तालुका कृषी अधिकारी, कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाचा मृदशास्त्र विभाग यांच्याकडे आधी चौकशी करा, ही तपासणी कोठे होते ते विचारा आणि मगच नमुना काढा.

अहवालाचा अर्थ आणि उपाय

समजा, दोन शेतांत एकूण सेलेनियम सारखेच, किलोला ०.८ मिलिग्रॅम आले. पहिल्या शेतात त्यातले ०.०८ पाण्यात सुटणारे, दुसऱ्यात ०.००८. दोन्ही शेतांचा एकूण आकडा एक, पण पहिल्या शेतात मोकाट सेलेनियम दहापट. पहिल्या शेताचा चारा आधी तपासावा.

सेलेनेट जास्त असेल तर जिप्समचा उपयोग होतो. सेलेनियम गंधकाच्या वाटेने आत शिरते हे वर सांगितलेच आहे. त्या वाटेवर जिप्समचे गंधक गर्दी करते आणि सेलेनेट बाहेर राहते. पंजाबातल्या जमिनीत याने पिकातले सेलेनियम बरेच घटले. मात्र सेलेनियम बांधलेल्या रूपात असेल तर जिप्समवर खर्च करून काही हाती लागणार नाही. यासाठीच तर रूप मोजायचे.

मोहरी, कोबी, कांदा, लसूण ही गंधक आवडणारी पिके सेलेनियमही जास्त ओढतात. संशयित शेतात ती घेऊ नका. एकाच शेताचा चारा रोज न घालता दुसरीकडच्या चाऱ्यात मिसळून घाला. अशा शेतात खाण्याच्या पिकाऐवजी कपाशी किंवा फुले घेणे हाही एक मार्ग आहे.

काही शंका, काही उत्तरे

माझ्या बैलाचे केस गळतात, म्हणजे सेलेनियमच का? नाही. खरूज, जंत, जस्ताची कमतरता, बुरशी लागलेला चारा अशी अनेक कारणे असतात. आधी पशुवैद्यकाला दाखवा. केस, खूर आणि शेपटी तिन्हींची लक्षणे एकाच गोठ्यात अनेक जनावरांना दिसली, तर चारा तपासायला द्या.

मग थोडे सेलेनियमचे खत किंवा इंजेक्शन देऊन ठेवावे का? अजिबात नाही. गरज आणि विष यांतले अंतर अगदी कमी आहे. तपासणीवाचून आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून कोणी कितीही भलामण केली तरी देऊ नका.

आधी माती तपासू की चारा? पैसे थोडे असतील तर आधी चारा आणि पाणी तपासा. जनावराच्या पोटात जाते ते हेच. चाऱ्यात जास्त निघाले तरच मातीतली रूपे मोजायचा खर्च करा, कारण उपाय कोणता करायचा हे त्यावरून ठरते.

गहू धुतल्याने सेलेनियम जाईल का? नाही. पिकाने घेतलेले सेलेनियम दाण्यावर धुळीसारखे बसलेले नसते, दाण्यातल्या प्रथिनातच ते गुंफलेले असते. त्यामुळे संशय असेल तर धान्य बदलणे किंवा दुसऱ्या धान्यात मिसळून खाणे हाच मार्ग, आणि आरोग्य केंद्राला कळवणे हे कर्तव्य.

लक्षात ठेवा

• एकूण सेलेनियमच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका, मोकळे किती ते विचारा.
• काळ्या चुनखडीच्या जमिनीत सेलेनेट मोकळे राहते, तांबड्या आम्ल जमिनीत सेलेनाइट बांधले जाते.
• रूपे मोजायची असतील तर माती वाळवू नका, थंड आणि बंद ठेवून लवकर पोचवा.
• मातीबरोबर चारा आणि पाणी यांचेही नमुने द्या.
• जिप्सम, चुना आणि सेलेनियमची औषधे तपासणीनंतरच वापरा.
• एकाच शेताचा चारा आणि एकाच ठिकाणचे धान्य यांवर घर आणि गोठा चालवू नका.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी घालून फडताळात ठेवू नका. ज्याच्या गोठ्यात जनावर लंगडते आहे, त्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याने वेळेवर चारा तपासला तर एखादी दुभती म्हैस वाचेल आणि घरातल्या पोरांच्या ताटातही चांगलेच अन्न पडेल.

राम राम.